आधी पाठ टेक

"आधी पाठ टेक, मंग बोल."

वणीहून झरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्यापाशी बाई राहत, आणि हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणत. पाठ टेकायची ती त्यांच्या घरासमोरच्या कडुलिंबाला. कोणी नवऱ्याशी भांडून आलेली असो, कोणी नुसताच बसची वाट पाहणारा असो, बाई दंड धरून त्याला खोडापाशी नेत आणि बसवत. मग स्वतः समोर उकिडव्या बसून म्हणत, "हं, आता बोल." इतक्या पाठी टेकून बसत्या माणसाच्या उंचीला खोडाची साल गुळगुळीत झाली होती. हात फिरवून पाहिलाय मी, म्हणून सांगतो.

बाई एका दवाखान्यात आया होत्या. निवृत्त झाल्या आणि घराशेजारच्या टिनाच्या ख्रिस्ती प्रार्थनाघराची किल्ली त्यांच्याकडे आली. मंडळी जेमतेम दहा-बारा घरांची. पाळकसाहेब महिन्यातून एकदा वणीहून येत. बाकीच्या रविवारी बाईच उपासना घेत, आणि टिन तापलं की सगळ्यांना लिंबाखाली काढत.

पाळकसाहेबांना हे लिंबाचं प्रकरण फारसं पसंत नव्हतं. एकदा ते म्हणाले, "बाई, अशानं लोक झाडाची पूजा करायला लागतील."

"पूजा कोन करते जी?" बाई म्हणाल्या. "पूजा करनारा तोंड करून बसते. आमी तं पाठ करून बसून राह्यलो!"

पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि पुढच्या वेळी आले तेव्हा स्वतःच खोडाला टेकून बसले.

खिळ्यांच्या बाबतीत मात्र बाई कडक. शिकवणी वर्गाचा फलक ठोकायला एकजण हातोडी घेऊन आला, तर बाई खराटा घेऊन धावल्या. "खिळा नाई मारायचा! लाकडावर एक डाव मारले खिळे, पुरे झाले." तो बिचारा गोंधळला. त्याला क्रूसाबद्दल काय माहीत? फलक त्यानं सुतळीनं बांधला, आणि बाईंनी गाठ सैल करून दिली, झाडाला काचू नये म्हणून.

त्या कधीकधी क्रूसाबद्दल वेगळंच बोलत. "थेबी झाडच होतं न बापा. तोडाच्या आधी कोन्या गावाले होतं, कोन त्याच्या सावलीत बसलं, कोनाले मालूम? प्रभूनं पाठ टेकली तं त्यालेच टेकली." मी धार्मिक माणूस नाही, आणि त्यांच्या धर्माचा तर नाहीच नाही. पण हे ऐकल्यावर मी वळून लिंबाच्या खोडाकडे पाहत असे.

आता माझं सांगतो. मी बांधकाम खात्यातला, त्या रस्त्यावर नेहमी ये-जा करणारा. रस्ता रुंद करायचा ठरला की आधी झाडं मोजायची. जे तोडायचं त्याची साल थोडी तासायची, पांढरा पट्टा ओढायचा, त्यावर लाल आकडा घालायचा. कोळशाच्या ट्रकांसाठी तो रस्ता रुंद व्हायचा होता. बाईंच्या लिंबाचा नंबर आला एकशे बारा.

मी आकडा रंगवत असताना बाई येऊन उभ्या राहिल्या. "हे काय होय?"

"मोजणी आहे, बाई."

त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका! "सरकारनं मोजलं? वा! मोजते थोच जपते, बापा. आमच्या देवानं तं डोक्यावरचे केसबी मोजून ठेवले." मग तासलेल्या सालीच्या कडेला त्यांनी ओली माती थापली, दुखू नये म्हणून, आणि मला आल्याचा चहा दिला.

खरं तेव्हाच सांगायचं. तोंडापर्यंत आलं होतं. पण हातात त्यांची कपबशी, समोर त्यांचा तो चेहरा. मी चहा प्यायलो. खोटं बोललो नाही, खरं सांगितलं नाही एवढंच. नोकरीत आम्ही या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. पुढच्या रविवारी मंडळीनं "मोजणीवाल्या भाऊ"साठी प्रार्थना केली, असं कानावर आलं. लाज वाटली.

रंगाचा डबा त्या दिवशी मी बाईंच्या ओट्यावर विसरलो. महिन्याभरानं आणायला गेलो, तर कुंपणाच्या आत, रस्त्याच्या कडेला, एका कोवळ्या लिंबावर लाल आकडा: एकशे तेरा. तीन उलटा-सुलटा करून दुरुस्त केलेला. हा लिंब बाईंचे यजमान गेले त्या वर्षी मोठ्या झाडाची निंबोळी पेरून लावलेला. बाई त्याच्याशी बोलत, आणि बहुधा तक्रारीच सांगत.

"तुह्या रंगानं म्याच लिवला," बाई म्हणाल्या. "आता दोघायचंबी काम झालं."

रॉकेलचा एक बोळा फिरवला असता तर आकडा पुसला गेला असता. मी हसलो, डबा उचलला आणि निघालो. का, ते विचारू नका. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा बोलायला आणखी जड जातं. यादीतला खरा एकशे तेरा पुढच्या वळणावरची बाभूळ होती. तोडणारे यादी पाहतील, असं मी मनाशी म्हटलं.

तोडणी निघाली तेव्हा पुतणीचा साखरपुडा होता. त्याला दोन दिवस पुरले असते, मी आठ दिवसांची रजा टाकली. परत आलो तर मोठा लिंब गेलेला आणि कोवळाही. तोडणाऱ्यांनी यादी उघडलीच नव्हती. आकडा दिसला की करवत लावली.

बाई आता नाहीत. रस्ता झालाय, छान झालाय, ट्रक फाट्यावर थांबतसुद्धा नाहीत. त्या असेपर्यंत हे लिहिण्याची माझी छाती झाली नाही.

रजेवरून आलो त्या संध्याकाळी बाई मोठ्या लिंबाच्या उरलेल्या बुंध्यावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, मला तुमच्याशी बोलायचंय."

"आधी पाठ..." सवयीनं त्या म्हणाल्या आणि थांबल्या. इकडेतिकडे पाहिलं. मग जरा सरकल्या, तोंड दुसरीकडे केलं आणि मागच्या जागेवर हात थोपटला. "बस मांगं. टेक."

मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसलो. हाडं टोचत होती त्यांची. मी सगळं सांगितलं. आकडा तोडणीचा होता, हे मला ठाऊक होतं, चहा पितानाही आणि डबा न्यायला आलो तेव्हाही.

एक ट्रक गेला, मग दुसरा.

"मोठ्याचं समजते मले," बाई म्हणाल्या. "रस्ता सगळ्यायचा हाये. पन लहान्याचं काहून नाई सांगतलं, बापा?"

आता त्या उठतील, म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांचं रडणं मला पाठीतून कळत होतं. पण बाई उठल्या नाहीत, आणि पाठही त्यांनी काढून घेतली नाही.