झरोक्यावरची फळी

दारव्ह्यात शाळेत नोकरी लागली तेव्हा राहायला जागा सरांनीच दिली. हे सर मला दहावीपर्यंत विज्ञान शिकवायचे. आमच्या बंजारा तांड्यावरून शाळेत येणारी मी एकटीच मुलगी होते. संध्याकाळची एस.टी. चुकली की त्यांच्या घरी काकूंच्या हातचं जेवायचे, तिथेच झोपायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. हे मी आजही नाकारत नाही. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या आणि याडीला, म्हणजे माझ्या आईला, तांड्यावरून घेऊन आले.

तिथल्या बाथरूममध्ये शॉवर होता. याडीने आयुष्यभर घरामागच्या दगडावर, तट्ट्याच्या आडोशाला आंघोळ केलेली. सुरुवातीला ती बादलीच भरून घ्यायची. मग एक दिवस तिने शॉवर सुरू केला आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. आत आमच्या गोरबोलीत मोठमोठ्याने गाणं चाललं होतं.

बाथरूमचा झरोका सरांच्या अंगणात उघडायचा, तुळशीच्या अगदी समोर. थोड्याच दिवसांत सर स्वतः प्लायवूडची फळी आणि खिळे घेऊन आले. काकूंना पूजेच्या वेळी आवाज येतो, म्हणाले, आणि बाईमाणसांची आंघोळ, झरोका बंदच बरा. त्यांच्यासाठी स्टूल मी धरलं. बंद जागेत वाफ कोंडली की काय होतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं आणि आता मी ते मुलांना शिकवत होते. पण सरांना ते कोणत्या तोंडाने सांगायचं? खिळे ठोकून झाल्यावर मी त्यांना चहा करून दिला.

पावसाळ्यात टाइल्सच्या फटींमध्ये काळे ठिपके दिसू लागले. मग कोपरा काळा झाला, मग छत. मी नाकाला ओढणी बांधून ब्लीचिंग पावडरने भिंत घासली. ती पांढरी व्हायची आणि आठवड्याभरात पुन्हा काळी. खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने एकेक फट घासली. आंघोळ झाली की वायपर फिरवायचा, मग कोरड्या फडक्याने भिंत पुसायची, असा नेम केला. गुडघे दुखत असतानाही याडी तो पाळायची. दार उघडं ठेवलं तर वाफ स्वयंपाकघरात यायची. याडीला खोकला लागला. तरी माझी धडपड एवढीच, की हे सरांच्या नजरेस पडू नये. आपल्याला घर दिलं आणि आपण ते खराब केलं, असं त्यांना वाटू नये.

पण बाथरूमच्या दुसऱ्या भिंतीच्या पलीकडे त्यांचं देवघर होतं. तिथला रंग फुगून सुटायला लागला, तेव्हा सर गवंड्याला घेऊन आमच्याकडे आले. मागे काकू होत्या. मी हातात ब्रश घेऊन उभी होते.

गवंड्याने वर पाहिलं. "हा झरोका कोणं बंद केला जी?"

मी सरांकडे पाहिलं. "मीच केला" म्हणायला त्यांना काहीच जड गेलं नसतं, गवंडी त्यांना थोडाच रागावणार होता. सर माझ्याकडे पाहत म्हणाले, "किती वेळा सांगितलं यांना, झरोका उघडा ठेवत जा म्हणून. तांड्यावरची माणसं. बाथरूमची सवय नाही. पोरगी शिकली, पण राहणं काही बदललं नाही."

काकू फरशीकडे पाहत राहिल्या. मी गप्प राहिले. मी गप्प राहणार हे सरांना ठाऊक होतं, म्हणून तर ते माझ्या डोळ्यांत पाहून बोलू शकले. मला लागलं ते हे. इतकी वर्षं मी ज्याला माया समजत होते, त्यात हा हिशेबही होता का, ते मला अजून कळलेलं नाही.

सगळे गेल्यावर याडी म्हणाली, "खिळे त्यायनंच ठोकले ना? मंग तू काहून गप राह्यली?"

त्यांचे आपल्यावर उपकार आहेत, मी म्हटलं.

"उपकार तुह्यावर आहेत. खोकून त मी राह्यली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढले आणि पकडीने खिळे उपटून फळी काढली. उजेड आत आला तेव्हा कळलं, घासूनही किती काळं राहिलं होतं. शेवटचं म्हणून सगळं पुन्हा घासून काढलं. दुपारपर्यंत भिंत आपोआप वाळली होती.

थोड्या दिवसांनी काकू मागच्या दाराशी आल्या. फळी परत लाव, पूजेच्या वेळी तुझ्या आईचं गाणं ऐकू येतं, म्हणाल्या. सर अंगणातच खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"काकू," मी म्हटलं, "सरांनीच सांगितलं आहे ना, उघडा ठेवत जा म्हणून."

पेपर खाली आला नाही. काकू परत गेल्या. त्यानंतर कोणी फळीचं नाव काढलं नाही आणि बुरशीही परत आली नाही. याडीचा खोकला हळूहळू गेला.

गुरुपौर्णिमेला मी दरवर्षीसारखी सरांच्या पाया पडायला गेले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. लहानपणी तो हात लवकर उचलला जाऊ नये असं वाटायचं. या वेळी मी वाकून, तो कधी उचलला जातो याची वाट पाहत होते. झरोक्यातून याडीचं गाणं अंगणात येत होतं. ते ऐकू येत नसल्यासारखं आम्ही दोघंही दाखवत होतो.