सोबत कोण?

सुलभा गेल्याचं नर्सनं सांगितलं आणि लगेच विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?" मी एकटीच होते. मैत्रीण म्हटल्यावर तिनं नातेवाइकांना बोलवायला सांगितलं. सुलभाला भावंडं नव्हती, लग्न तिनं केलं नव्हतं. आणि गंगापूर रोडवरच्या दवाखान्यांत कुणा मुलीसोबत गेल्यावर हाच प्रश्न आला, की हीच सुलभा शांतपणे सांगायची, "मी. मावशी आहे तिची."

ती मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर, मी शेजारच्या कॉलेजात ग्रंथपाल. नको असताना दिवस गेलेली मुलगी तिच्या खोलीत आली, की ती आधी चहा टाकायची. मग समजावायची... मूल ठेवता येतं, गर्भपात कायदेशीर आहे पण त्याला उशीर करू नये, जन्म देऊन मूल रीतसर दत्तकही देता येतं. यातलं काय करावं, हे मात्र ती कधी सुचवायची नाही. सटाण्याची एक मुलगी, जिचं नाव मी लिहिणार नाही, रडत म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा ना काय करू."

"मी सांगितलं तर उद्या माझ्यावरच रागावशील," सुलभा म्हणाली. "नीट विचार कर. अठरा पूर्ण आहेत तुला. सही तुझी एकटीची लागते."

मुलीनं ठरवलं, मूल नको. डॉक्टरांकडे आम्ही तिघी गेलो. परतताना रिक्षात तिला हुडहुडी भरली, तेव्हा सुलभानं आपली राखाडी शाल काढून तिच्याभोवती गुंडाळली.

पुढे कुणा मैत्रिणीकडून घरी कळलं. आईवडील संस्थेच्या ऑफिसात येऊन बसले. मुलगी खाली बघत म्हणाली, "मॅडमनीच नेलं. मला नव्हतं जायचं." सुलभा काहीच बोलली नाही. हिला स्वतःला पोर नाही, हिला काय कळणार, असं आई सगळ्यांसमोर म्हणाली, तरीही नाही. संस्थेनं माफीनामा मागितला. तो तिनं दिला नाही. नोकरी गेली. खरं का नाही सांगितलंस, म्हणून मी तिच्याशी भांडले.

"तिला त्यांच्याच गाडीतून घरी जायचं होतं," ती म्हणाली. "मला कुठं जायचं होतं?"

परवा त्याच हॉस्टेलच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. ज्यांनी काढलं तेच बोलायला उभे. 'मुलींची दुसरी आई' म्हणाले. 'निवृत्तीनंतर' असंही म्हणाले, आणि कुणाची जीभ अडखळली नाही. माझ्या मागच्या रांगेत सटाण्याची ती मुलगी होती, नवऱ्यासोबत. त्यानं फोटोकडे बघत हळूच विचारलं, "तुझ्या फार जवळच्या होत्या का गं?"

"छे. रेक्टर होत्या नुसत्या."

मी वळून पाहिलं. तिनं मला ओळखलं आणि मान फिरवली.

सुलभा म्हणाली असती, बरोबर बोलली, संसार आहे तिचा. माझं मन तेवढं मोठं नाही. सुलभाच्या घरून मी एवढी ती राखाडी शालच आणली. क्षमा करणं मला अजून जमलेलं नाही... शाल मात्र धुऊन दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. दवाखान्यात जाताना कुणाला लागली तर.