काठीनं झडती

ये गं बाय, जवळ बस. दारात काय पाहुण्यासारखी टेकलीस? आणि काल सगळ्यांसमोर काय म्हणालीस? "आजीला सरकारी नोकरी टिकवता आली नाही." नात असलीस तरी ऐकून घे आधी.

कल्याणच्या खाडीवर सरकारी नाका होता. दारूबंदी नवी. बायका पोटाला रबरी ट्यूब बांधून दारू आणायच्या, म्हणून त्यांची झडती घ्यायला बाई लागे. तुझा आजोबा तिथेच शिपाई. तापात गेला, म्हणून मला घेतलं. पदरात तुझा बाप. भिंतीवरच्या नोटिसा वाचत वाचत मी अक्षरं शिकले.

एकदा होडीतून बड्या घरची बाई उतरली. मी झडतीला पदराकडे हात नेला. ती किंचाळली, "शिवू नकोस मला!"

मी महारवाड्यातली, हे सगळ्या नाक्याला ठाऊक. साहेब बाहेर आले. हसले. "अगं, हात आवर. वहिनींना इथेच आंघोळ घालतेस का?"

शिपाई हसले, हमाल हसले, होडीवालासुद्धा. त्या बाईनं खाडीचं पाणी मागवून पदरावर शिंपडलं. खाडीचं! अख्ख्या गावाची घाण त्यात. ते चाललं. माझा हात नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वेताची काठी दिली. "मोठ्या घरच्या बायकांना हिनं चाचप. बाकीच्यांना हात."

मी घेतली. पोर होतं ना. काठीनं झडती घेत राहिले.

मग एका बाजाराच्या दिवशी मी अशाच एका बाईला काठीनं चाचपत होते, तेव्हा रांगेतली टोपलीवाली म्हातारी कोळीण म्हणाली, "अगो, काठीनं तं गुरां हाकतान. यान जनावर कोन, ती का तू?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग हसूच येईना. काठी साहेबांच्या टेबलावर ठेवली. भर बाजारात, मोठ्यानं बोलले, "कायद्यानं शिवाशिव गेली. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय. नाक्यावर कुणी ठेवली? हात चालत नसेल तर कुणाचीच झडती घेणार नाही."

साहेब हळूच म्हणाले, "चूक झाली म्हण. नोकरी राहील."

नाही म्हटलं.

ठाण्याला मोठ्या कचेरीत गेले. व्हरांड्यात दिवसभर उभी. आतले मोठे साहेब बाहेर येऊन म्हणाले, "बाई, आता आपलंच राज्य आहे. आपल्याच सरकारविरुद्ध कसली तक्रार?" आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. चौकशी झाली म्हणे. त्या बड्या घरच्या बाईनं सांगितलं, "शिवू नकोस असं मी बोललेच नाही." हसणाऱ्यांतलं कुणी तोंड उघडलं नाही. मला काढलं.

माझ्या जागी आमच्याच वस्तीतली बाई आली. हातात तीच काठी. तिला मी नावं ठेवत नाही, तिचीही पोरं उपाशी. पण बघ, काहीच बदललं नाही. एवढंसुद्धा नाही.

मी मिठागरात गेले. तळपाय फाटले. तुझा बाप कित्येक रात्री पेज पिऊन झोपला. साहेबांचा निरोप पुन्हा आला, "अजूनही चूक झाली म्हण, परत घेतो." मी निरोप्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला.

न्याय मिळाला नाही. मिळेल असंही वाटत नाही मला. पण चूक झाली, हे मी म्हटलं नाही. मरताना पाणी पाजायच्या बदल्यात म्हणायला लावलं, तरी म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस.

जा आता, उशीर होईल. आणि लवकर ये गं परत. सणावाराची वाट बघू नकोस.