कॅराव्हॅनचं आउट-रजिस्टर

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. भूगोल घेऊन बी.ए. झाले, फर्स्ट क्लासमध्ये. हे मी जिथं तिथं सांगते, कुणाला आवडो न आवडो. आता या डिग्रीचं करणार काय, ही काळजी माझ्यापेक्षा गावाला जास्त होती. म्हणून मी इस्लामपूरला ट्रॉल्या बांधणाऱ्या एका वेल्डरकडून कॅराव्हॅन बांधून घेतली. म्हणजे चाकांवरची खोली. आत दोन माणसांचा पलंग, छोटा ओटा, मोठा आरसा आणि एक चिमुकला संडास. जीपला नाहीतर ट्रॅक्टरला जोडायची आणि नदीकाठी नेऊन उभी करायची. शहरातली माणसं येऊन दोन दिवस राहतील, असा माझा विचार.

गावाला तो पटला नाही. पहिल्याच दिवशी एक म्हातारी डोळे तपासून घ्यायला आली. दुसऱ्या दिवशी पोरं आइस्क्रीम विचारून गेली.

माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि नंतर सांगलीत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. पुण्यात त्यांच्या फौजेतल्या दोस्ताची सिक्युरिटी एजन्सी आहे. तिथल्या ऑफिसात माझ्यासाठी त्यांनी खुर्ची बघूनच ठेवली होती.

"बेंदरापतूर एक गिऱ्हाईक आण," आबा म्हणाले. "न्हाई आलं, तर बॅग भरायची. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं. बैलांच्या सणाला अजून अडीच महिने होते. मला वाटलं, लय झाले.

दोन महिने नुसते बघणारे आले. त्यातच शेजारच्या गावातून रात्रीत उसाची एक ट्रॉली गेली आणि आबांना हुरूप आला. बँकेतली तिजोरी एका माणसाला कधीच उघडता येत नसायची, तोच नियम त्यांनी कॅराव्हॅनला लावला. दाराची किल्ली आईकडं. ट्रॅक्टरला जोडायच्या हुकाला जाडजूड कुलूप, त्याची किल्ली आबांकडं. गाडी हलली की बोंबलणारा अलार्म मी बसवला, त्याचा रिमोट माझ्याकडं. शिवाय एक लांबडं रजिस्टर आलं. आबांनी त्यात पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, नेणाऱ्याचं नाव, कारण, सही.

"आवं, कोण नेणार हाय एवढं?" आई म्हणाली.

"शिस्त असावी."

अलार्म पहिल्या आठवड्यात शेळीनं अंग घासलं म्हणून वाजला, मांजरानं उडी मारली म्हणून वाजला, एकदा तर आईनं वाळवणाची पाटी टेकवली म्हणून वाजला. आठव्या दिवसापासून गल्लीत कुणी मान वळवेना.

आणि मग एक फोन आला. सांगलीहून, विश्रामबागेतून. रिटायर झालेले एक गुरुजी आणि त्यांच्या बाई. दोन दिवसांसाठी कॅराव्हॅन हवी होती, स्वतःची जीप घेऊन येणार होते. गुरुवारी दुपारी चार वाजता. बेंदूर त्याच्या पुढच्या आठवड्यात होता.

गुरुवारी सकाळी मी सगळं पुसून काढलं, चादरी बदलल्या आणि इस्लामपूरला गेले. वेल्डरकडं चाकाला लावायचा जॅमर सांगितला होता. नो पार्किंगमधल्या गाडीला लावतात ना, तसला, पिवळा. गिऱ्हाइकाला दाखवायला बरा. तिथं ग्राइंडर चालू, फोन स्कूटीच्या डिकीत. जॅमर पायाशी ठेवून मी अडीच वाजता दारात आले, तर दारात चाकांचे चार वण आणि मधोमध बसलेली शेळी.

कॅराव्हॅन नव्हती.

डोळ्यांसमोर पुण्याची ती खुर्ची आली. "आबा!" मी ओरडले. "चोरीला गेली!"

आबा आतून पेन खिशाला लावत आले. "चोरीला कशी जाईल? इश्यू झालीय." आणि त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं धरलं. वेळ, एक वाजून दहा मिनिटं. नेणारे, शेजारचे अण्णा. कारण, पोरीचं लग्न. खाली अण्णांची वळणदार सही.

"आबा, चार वाजता गिऱ्हाईक येतंय!"

"तीन फोन केले तुला. उचललास? अण्णांनी मळ्यात मांडव टाकलाय. बाया दोनशे, आन आडोसा एक न्हाई. लग्नघराला न्हाई म्हणायचं व्हय? आपल्या घरच्या कार्यात त्यांनी कधी कढई न्हाई म्हटली का सतरंजी न्हाई म्हटली?"

"आणि दाराची किल्ली? ती तर आईकडं होती!"

"ती रानात गेली. जाताना काकीकडं देऊन गेली."

काकी म्हणजे अण्णांच्या बायको. आमच्या गल्लीत कुणी गावाला निघालं की कुलूप लावतं आणि किल्ली शेजारी देऊन जातं. आई तीस वर्षं तेच करत आली होती. आम्ही चोराचा विचार केला होता. मागणाऱ्याचा केलाच नव्हता.

"अलार्म वाजला नाही?"

"वाजला की. दीड किलोमीटर वाजत गेला. लोकांनी अँब्युलन्स समजून वाट दिली. झ्याक वेळेत पोचली."

तेवढ्यात फोन आला. गुरुजी. लवकर निघाले होते, अर्ध्या तासात पोचणार होते. बंद पडलीय म्हणून सांगावं, असं एकदा मनात आलं. पण खोटं बोलले की माझी जीभ अडखळते.

"सर, गाडी कामावर आहे," मी म्हटलं. "तुम्ही कुंडल रोडला मांडव दिसेल तिथंच या."

आबांना मागं बसवून मी स्कूटी हाणली. पायाशी जॅमर, आबांच्या काखेत रजिस्टर.

मळ्यात बँड चालू होता. कॅराव्हॅन आंब्याखाली उभी आणि तिच्या दारापासून उसाच्या बांधापर्यंत बायकांची रांग. एकीनं पायरीवर पाय ठेवला, तसा अलार्म बोंबलला. कुणी दचकलं नाही.

"बंद करू का?" मी रिमोट काढून विचारलं.

"नगं नगं!" रांगेतली एक बाई म्हणाली. "वाजला की कळतंय, आत माणूस हाय. बंद केलास तर दार वाजवत बसाय लागंल."

काकी शालू सावरत आल्या. कमरेला माझी दाराची किल्ली. "आगं तुझ्या आरशात नवरीनं मुंडावळ्या बांधल्या! लय गुणाची केलीस बग गाडी. शिकल्याचं चीज झालं."

हे शब्द ऐकायला मी दोन महिने थांबले होते, आणि ऐकायची वेळ ही! रस्त्यावर जीप थांबली होती.

गुरुजी उतरले. बाई उतरल्या आणि एक शब्द न बोलता थेट रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. सांगलीपासून रस्त्यात त्यांना कुठं थांबण्यासारखी जागा मिळाली नव्हती. रांगेतल्या बायकांनी वयाचा मान ठेवून त्यांना पुढं काढलं. अलार्म वाजला. मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरायला घेतली.

बाई बाहेर आल्या त्या हसत. "अहो, आत पाणीसुद्धा आहे," त्यांनी गुरुजींना सांगितलं. मग माझ्याकडं वळल्या. "पण मला सांग, नदीकाठी उभी करून आम्ही देवळात गेलो, तर कुणी घेऊन जाणार नाही ना?"

माझ्या हातात तो पिवळा जॅमर होता. आबा माझ्याकडं बघत होते.

"नेतात, बाई," मी म्हटलं. "आत्ताच नेली होती. पण सही करून नेतात."

गुरुजी एवढे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तोवर काकींनी दोघांना हाताला धरून पंगतीत बसवलं. त्यांनी आग्रहाच्या जिलब्या खाल्ल्या, नवरीला आशीर्वाद दिले. पाठवणी झाल्यावर मी सगळं पुन्हा धुऊन, चादरी बदलून दिलं, जॅमर आत ठेवला आणि आबांनी कॅराव्हॅन त्यांच्या जीपला जोडली. रजिस्टर बॉनेटवर पसरलं. नेणारे, गुरुजी. कारण, फिरणे. सही.

जीप वळणाआड गेली, तसा आबांनी फोन लावला. पुण्याला.

"दोस्ता, त्या खुर्चीवर दुसरं कोण बसव. आमची पोरगी येत न्हाई. हितंच ड्युटी लागली तिला."

फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून गरजले, "दात काय काढतीयास? जॅमर बिगर सहीचा गेला न्हवं गाडीत? त्याची एंट्री कोण करणार?"

मी पेन घेतलं. नेणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि पुढं, ठळक अक्षरात, बी.ए.