संगणकातला सोमवार

२०१६ साल. मी एकसष्ट वर्षांचा. सातवी शिकून शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन निवृत्त झालो. पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले, पण मनात राहून गेलेली केस माझ्याच घरातली.

थोरला मुलगा जहाजावर. त्या रविवारी जहाज एका संध्याकाळपुरतं बंदराला लागणार होतं आणि तो संगणकावर आईला तोंड दाखवणार होता. पडद्याचा फोन मी घरात येऊ दिला नव्हता, हट्टच माझा. सकाळी संगणक लावला तर कुलुपाच्या खुणेचं एकही पान उघडेना. 'कनेक्शन सुरक्षित नाही.' सौ.चा चेहरा उतरला.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"काका, आज दुकान बंद. साधी पानं उघडतात, कुलुपाची नाहीत? मग संगणकाची तारीख बघा. त्या पानांना ओळखपत्र असतं, त्याला मुदत असते."

खबर पक्की होती. नाकाबंदीतल्या हवालदाराची तारीखच पुढे पळालेली असली, तर चांगलं लायसनही त्याला मुदत संपलेलं दिसणार. कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारली. मार्च महिना, पुढलं साल! बाहेर तर भातकापणी चालू.

घरात माणसं दोन. मी त्या यंत्राला एरवी हात लावत नाही. आरोपीला उभं ठेवून विचारू नये, हा माझा नियम. तिला खुर्ची दिली, चहा दिला.

"तारीख कोणी फिरवली?"

"मला काय विचारता? मी फक्त धूळ पुसते त्याची."

"पोरगा संध्याकाळी वाट बघेल. बोल."

ती पदराशी चाळा करत राहिली. "तो घरी येणार तो वार बघत होते. भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरला संपतं. म्हणून संगणकाच्या घड्याळात मार्च काढून बघितला नि ओके दाबलं."

"मग लपवलंस कशाला?"

"सोमवार येतोय, अहो! एवढे महिने जहाजावरचं खाऊन पोर येणार, नि ताटात काय, तर तुमचा सोमवार!"

माझ्या घरात सोमवारी मासळी कधी शिजली नव्हती. कोणाची बोलायची छाती नव्हती.

तारीख मागे आणली, पानं उघडली. संध्याकाळी पोरगा पडद्यावर आला. "आई, आल्या आल्या तळलेला सरंगा पाहिजे हां!" तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर.

घरचं माणूस लपवायला लागलं, की आधी बघावं त्याला धाक कोणाचा आहे. एवढ्या नोकरीत हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोमवारच होता. आंघोळ करून शंकराच्या देवळात गेलो, नारळ ठेवला, आणि उभ्या उभ्या तोंडी अर्ज दिला: मार्चातला एक सोमवार रजा पाहिजे, मुलगा घरी येतोय. घरी येऊन सौ.ला एवढंच सांगितलं, "रजा मंजूर."