वाण कोणाला मिळालं नाही

संक्रांतीचे दिवस आले की आर्णी तालुक्यातल्या त्या गावची केस डोक्यात येतेच. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. खून, दरोडे पाहिले, पण लोकांना सांगावीशी वाटते ती ही कुकरची केस.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आचारसंहिता सुरू होती. सरपंचपद बाईसाठी राखीव. उभी बाई, कारभार नवऱ्याचा; गाव त्याला भाऊ म्हणे. यात आपल्याकडे नवीन काही नाही. दुपारी ठाण्यात फोन आला की भाऊच्या अंगणात कुकर वाटून राह्यले, लवकर या. नाव विचारलं तर फोन ठेवला. अशी खबर विरोधी पार्टीच देते. म्हणून ती खोटी असते असं नाही.

दोन शिपाई घेऊन गेलो. अंगणात सतरंजी टाकलेली, बायका नटून बसलेल्या. उमेदवार बाई हळदीकुंकू लावून एकेकीच्या हातात नवा कुकर देत होत्या. नवरा पुढे आला.

"जमादार, संक्रांतीचं वाण आहे. आता हळदीकुंकूही बंद करता काय?"

बायका हसल्या. एकीनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोला म्हटलं. वाण केवढं द्यावं याचा कायदा नाही. मतदाराला लाच देणं हा गुन्हा खरा, पण अदखलपात्र. कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय तपास करता येत नाही, आणि परवानगी मागायला काहीतरी हातात पाहिजे. माझ्या हातात तिळगूळ होता. अंगण नीट पाहून घेतलं आणि परत आलो. ठाणेदार साहेब तापले. ते बरोबरच होतं.

संध्याकाळी घरी जेवताना हे मंडळीला सांगितलं. ती माझ्यापेक्षा बरी चौकशी करायची. कोण कोण बसलं होतं, कोणाला काय दिलं, सगळं विचारलं. मी म्हटलं, पहिल्या रांगेत एक मावशी होत्या. त्यांचा नवरा ट्रॉलीखाली सापडून मेला तेव्हा पंचनामा मीच केला होता, म्हणून ओळखल्या. कपाळावर कुंकू होतं, मांडीवर कुकर होता.

तिचा हात ताटावरच थांबला. आमच्या भागात विधवेला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. वाईट चाल आहे, पण चाल आहे. मग तिनं विचारलं, गावातली एखादी लेक पहिल्या संक्रांतीला माहेरी आली होती काय? होती. काळी साडी नेसलेली शेजाऱ्याची पोरगी खोक्यातून कुकर काढून देत होती. तिला कुकर दिलेला मी पाहिला नाही.

"अजी, पयल्या संक्रांतीच्या लेकीले पयला मान असते," मंडळी म्हणाली. "ते रिकाम्या हातानं, अन् मावशीले कुकर? हे वाण नोहे. हे मत पाहून देलं."

त्या पोरीचं मत सासरच्या गावात होतं. मावशींचं इथं.

दुसऱ्या दिवशी उमेदवाराच्या नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. चहा पाजला. माणूस घाबरला की तोंड मिटतो, खूश झाला की बोलतो. विधवांना वाण दिलं, चांगलं केलं, असं मी म्हटलं. तो फुगला. आपण जुन्या चाली मानत नाही, आपल्याला सगळ्या बाया सारख्या, म्हणाला. मी विचारलं, मग तुमच्या सालगड्याची बायको? ती तर सवाष्ण, त्याच अंगणात भांडी घासत होती. तिला काहून नाही? तो म्हणाला, ते बाहेरगावचे आहेत. आणि शेजाऱ्याची लेक? तेव्हा त्याला कळलं आपण कुठं आलो. चहा तसाच राहिला.

"साहेब, सगळेच वाटतात," एवढंच बोलला.

तरी साक्षीदार लागत होता. साहेबांच्या सांगण्यावरून मावशींच्या घरी गेलो. घेणाराही गुन्ह्यात येतो, पण खरं सांगून वस्तू जमा केली तर साहेब साक्षीदार करतील, हे आधीच सांगून टाकलं. मावशींना त्याची भीती नव्हती. कुकर त्यांनी चुलीजवळ खोक्यातच ठेवला होता.

"कुकर घेऊन जा, साहेब. पन जबाब नोका मांगू," त्या म्हणाल्या. "मालक गेल्यापासून मले कोनं कुंकू लावलं नाही. परवा लावलं. आता मीच लिहून देऊ का, का ते मतासाठी होतं?"

दुसऱ्या कोणाला दम दिला असता. मी पाणी मागितलं, प्यालो आणि निघालो.

दोन दिवसांनी मावशी स्वतः एसटीनं ठाण्यात आल्या. कुकर टेबलावर ठेवला आणि सांगितलं, कुंकू लावता लावता बाई कानात म्हणाल्या, मावशी, बटन आपल्या निशाणीचं दाबजा. "कुंकू लावताना तरी बोलाले नोको होतं तिनं," एवढं म्हणून जबाबावर अंगठा दिला. कोर्टाची परवानगी मिळाली, बाकीचे कुकर जप्त झाले, पुढे दंड झाला. बाई थोड्या मतांनी पडल्या.

त्या दिवशी जबाब देऊन ठाण्यातून निघताना मावशी म्हणाल्या, आता मले कोनी बलावत नाही. ते मी घरी सांगितलं.

पुढच्या संक्रांतीला निवडणूक नव्हती. मंडळीनं मावशींना आमच्या क्वार्टरवर बोलावलं. त्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या, तर हात धरून आत आणलं आणि सगळ्यांच्या आधी कुंकू लावलं. पोलीस लाईनीतल्या दोघीजणी उठून गेल्या. जाऊ द्या, मंडळी म्हणाली. वाण म्हणून प्लास्टिकची डबी दिली.

मावशींनी डबी उलटीसुलटी पाहिली. "जमादारीनबाई, कुकर नाही काय?"

"तुमचं मत आमच्या कामाचं नाही," मंडळी म्हणाली, "म्हनून डबी."

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पैसा वाटणारा काय देतो ते सगळेच पाहतात. कोणाला देत नाही ते पाहिलं की त्याच्या मनातलं कळतं. हे मी या केसमध्ये शिकलो, आणि शिकवणारी माझ्या घरात होती.

ती जाऊन आता वर्ष होत आलं. घर खायला उठतं, खोटं कशाला सांगू. यंदा संक्रांतीला मावशी न बोलावता आल्या. तिच्या फोटोला कुंकू लावलं. मग आम्ही दोघं अंगणात चहा पीत बसलो. नगरपालिकेच्या निवडणुकीत कोण काय वाटून राह्यलं, कोणाला सोडलं, ते त्यांनी मला सगळं सांगितलं.