जीपवरची हळद

सासऱ्यांची महायुद्धातली जीप मी फक्त पुसली. एवढ्यावरून माझ्यावर स्पॅनर उगारायची काही गरज नव्हती.

सासऱ्यांना सगळं यशवंतपूर अण्णा म्हणतं. ही जीप त्यांनी भंगारातून आणली, पेन्शन ओतून चालती केली आणि जुन्या गाड्यांच्या रॅलीत ‘अस्सल युद्धकालीन’ गटात नाव दिलं. अट एकच: तेव्हाची लष्करी खूण गाडीवर दिसली पाहिजे. नाहीतर रवानगी नटव्या जीपांत! अण्णांची कंबर धरलेली, म्हणून वरचा रंग खरवडायचं काम माझ्याकडे आलं.

“जावईबापू, काही दिसलं तर हात लावायचा नाही. हाक मारायची. सरी?”

“सरी!” (म्हणजे कन्नडात ‘ठीक’. मी इंजिनिअर आहे. मला दोनदा सांगितलेलं खपत नाही.)

डाव्या मडगार्डवर पिवळा गोल निघाला. आयुधपूजेची हळद! कुणा जुन्या मालकानं थापलेली. फडक्यानं निघेना, म्हणून थिनर घेतलं.

“अहो, हळदीला थिनर?” बायको चहा घेऊन आली होती.

“भक्ती घट्ट होती त्याची!”

“आणि आत काळं काय आहे?”

“काजळ! गाडीला दृष्ट लागू नये म्हणून.” शेवटचा हात मारला. पत्रा लखलखला!

उजव्या मडगार्डवर मात्र तीन आडवे पांढरे पट्टे, मध्ये लाल ठिपका. “अण्णा! तीन पट्टे! हवालदाराची गाडी!”

अण्णा कंबर विसरून धावत आले आणि मला पेढा भरवला. (लग्नातही भरवला नव्हता.)

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. निपाणीकडचे निवृत्त सुभेदार. पट्टे बघून त्यांनी चष्माच काढला.

“अण्णा, ही पूजेची विभूती की ओ! ऑइलपेंटची. वर कुंकू. पिवळा गोल नाही सापडला कुठं? आत काळा आकडा? गाडी कुठल्या पुलाला पेलंल, ते त्यावरनं कळायचं.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे.

“होता, अण्णा,” ती म्हणाली. “ह्यांनी पुसला.”

“पुसला?” अण्णा ओरडले. “पाऊस, गंज, इतके मालक, कुणाला जमलं नाही ते ह्या माणसानं चहा थंड व्हायच्या आत केलं!”

मीही भडकलो. “मग हळदीच्या रंगात आकडे काढायचेच कशाला? लष्कराला दुसरा रंग मिळाला नाही?”

अण्णांनी स्पॅनर उगारला तो इथे. सुभेदारांनी हात धरला म्हणून वाचलो.

“नवा गोल रंगवून देतो, अण्णा!” मी म्हणालो.

“खोटी खूण? माझ्या गाडीवर? चालते व्हा!”

रॅलीत आमची जीप एका गुलाबी, स्पीकरवाल्या जीपशेजारी उभी राहिली. आमच्या जीपकडे कुणी फिरकेना. शेवटी एकानं विचारलं, “ही तर खरी दिसते. मग इथं कशी?”

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. “युद्धातनं धडधाकट आली. ह्या आमच्या जावयापुढं टिकली नाही!”

मग मात्र गर्दी झाली. सगळ्यांनी हौसेनं फोटो काढले. माझ्याबरोबर!